वेबपानं स्वतःच्या संदर्भसंग्रहात साठवताना : झोटेरोची पहिली ओळख

वाचलेलं एखादं पान पुढे लागेल असं वाटलं की आपण बुकमार्क करतो, नाहीतर टॅब तसाच उघडा ठेवतो. दोन्ही वेळा आपल्या हाती उरतो तो फक्त पत्ता. पान दुसऱ्याच्याच ताब्यात राहतं. संकेतस्थळाची रचना बदलते, संस्था बंद पडते, लेख पैसे भरणाऱ्यांपुरता होतो, कधी मजकूरच बदलला जातो आणि आपल्याला कळतही नाही. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. ‘नंतर वाचू’ म्हणून दुसऱ्याच्या सेवेवर पानं ठेवणं हाही खात्रीचा उपाय नाही. पुष्कळांच्या सवयीची झालेली मोझिलाची ‘पॉकेट’ ही सेवा जुलै २०२५ मध्ये बंद झाली.

म्हणून ज्यांना लेखनासाठी, अभ्यासासाठी, शिकवण्यासाठी किंवा भाषांतरासाठी वेबवरचे संदर्भ लागतात, त्यांनी पानाची प्रत आणि तिची नीट नोंद स्वतःच्या संगणकावर ठेवावी असं मला मनापासून वाटतं. प्रत म्हणजे पानावर जे होतं ते. नोंद म्हणजे ते कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कुठे होतं आणि आपण कधी पाहिलं. यातलं एक असून दुसरं नसेल तर ऐन वेळी अडचण होते : मजकूर समोर असतो पण लेखकाचं नाव सापडत नाही, किंवा सगळी माहिती असते आणि लेखच नसतो.

या कामासाठी मी झोटेरो सुचवते. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहास आणि नव-माध्यमांच्या केंद्रात ते तयार झालं आणि २००६ मध्ये फायरफॉक्स ब्राउझरचं एक्स्टेन्शन, म्हणजे त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम, म्हणून लोकांसमोर आलं. आज ते विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालणारं स्वतंत्र सॉफ्टवेअर आहे. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे आणि सगळा संग्रह तुमच्याच डिस्कवर राहतो. माझ्या दृष्टीने ही शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

दोन गोष्टी बसवायच्या, एक नाही

नवख्यांचा पहिला घोटाळा इथेच होतो. झोटेरोचे दोन भाग आहेत. एक म्हणजे संगणकावरचं मुख्य सॉफ्टवेअर, ज्यात संग्रह राहतो. दुसरा म्हणजे ब्राउझरमधलं ‘झोटेरो कनेक्टर’, जे पान उचलून त्या सॉफ्टवेअरकडे पोचवतं. नुसतं कनेक्टर बसवून बटण दाबलं तर पान ठेवायला घरच नसतं. दोन्ही झोटेरो डॉट ऑर्ग या अधिकृत संकेतस्थळाच्या डाउनलोडच्या पानावरून घ्या. आधी सॉफ्टवेअर बसवा, मग कनेक्टर. क्रोम, एज आणि फायरफॉक्ससाठी कनेक्टर वेगळं बसवावं लागतं. सफारीचं सॉफ्टवेअरसोबतच येतं, फक्त सफारीच्या सेटिंग्जमध्ये जाऊन ते चालू करायचं.

क्रोममध्ये कनेक्टर बसवूनही बटण दिसत नसेल तर टूलबारवरच्या जिगसॉच्या तुकड्यासारख्या चिन्हावर क्लिक करा आणि यादीतल्या झोटेरोसमोरची पिन दाबा. बटण कायम डोळ्यांसमोर असू द्या. लपलेलं बटण वापरलं जात नाही.

खातं उघडणं या टप्प्यावर गरजेचं नाही. त्याविषयी पुढे येईलच.

पहिलं पान साठवताना

झोटेरो उघडा. डावीकडे ‘माय लायब्ररी’ दिसेल. तिच्याखाली एक कलेक्शन, म्हणजे नोंदींचा कप्पा, तयार करा आणि सध्या ज्या कामासाठी वाचताय त्याचं नाव त्याला द्या. ते निवडलेलं असू द्या आणि सॉफ्टवेअर बंद न करता ब्राउझरकडे वळा. हवं ते पान उघडा, कनेक्टरचं बटण दाबा. कोपऱ्यात एक छोटी खिडकी उघडते आणि पान कुठल्या कलेक्शनमध्ये चाललंय ते सांगते. कलेक्शन चुकलं असेल तर तिथेच बदला, टॅग द्यायचा असेल तर तिथेच लिहा. झालं, नोंद आली.

बटणाचं चिन्ह पानागणिक बदलतं, त्याकडे लक्ष देण्याची सवय लावून घ्या. बातमीच्या पानावर ते वर्तमानपत्राचं होतं, पुस्तकाच्या पानावर पुस्तकाचं, शोधनिबंधावर छापील कागदाचं. याचा अर्थ झोटेरोला पान काय आहे ते ओळखता आलं आहे. यामागे ‘ट्रान्सलेटर’ नावाचे छोटे प्रोग्राम असतात. अनेक मोठ्या संकेतस्थळांसाठी ते खास लिहिलेले आहेत. इतर ठिकाणी, पानाच्या कोडमध्ये प्रकाशकाने लेखक, तारीख, शीर्षक अशी माहिती ठरावीक पद्धतीने दिलेली असली की झोटेरो ती वाचतं. काहीच ओळखता आलं नाही तर साध्या वेबपानाचं चिन्ह दिसतं आणि नोंदीत शीर्षक, पत्ता, पाहिल्याची तारीख एवढंच येतं. अशा वेळी बाकीचं हाताने भरायचं.

फोल्डरचं चिन्ह दिसलं तर पानावर एकापेक्षा जास्त नोंदी आहेत, उदाहरणार्थ ग्रंथालयातल्या किंवा शोधनिबंधांच्या शोधाचे निकाल. दाबल्यावर यादी येते, हव्या त्यांवर खूण करायची. एका दमात शंभर उचलू नका. काही संकेतस्थळं तुम्हाला यंत्र समजून काही काळ अडवतात.

सॉफ्टवेअर बंद असताना बटण दाबलं तर कनेक्टर तसं सांगतं आणि तुमचं ऑनलाइन खातं असेल तर पान तिकडे साठवू का असं विचारतं. निदान सुरुवातीला तरी सॉफ्टवेअर उघडं ठेवूनच काम करा.

बटण दाबण्याआधी पान तयार करा

नोंदीसोबत झोटेरो पानाचा ‘स्नॅपशॉट’ घेतं. स्नॅपशॉट म्हणजे निव्वळ फोटो नव्हे. मजकूर, चित्रं आणि मांडणी असलेली, इंटरनेट नसतानाही उघडणारी एकच फाइल. त्यातला मजकूर शोधता येतो, कॉपी करता येतो. ब्राउझरच्या ‘सेव्ह अ‍ॅज’मधून पूर्ण पान उतरवलं की एक फाइल आणि तिच्याजवळ एक फोल्डर तयार होतं, आणि महिन्याभरात दोघांची ताटातूट होते. पीडीएफमध्ये छापून घेतलं तर पुष्कळदा मांडणी मोडते, रुंद तक्ते कापले जातात. स्नॅपशॉट यापेक्षा खूपच बरा.

पण स्नॅपशॉट घेतला जातो तो त्या क्षणी तुमच्या ब्राउझरमध्ये जे पान आहे त्याचा. हे एकदा पक्कं ध्यानात आलं की बाकीची काळजी आपोआप घेतली जाते. पुष्कळ पानं चित्रं एकदम आणत नाहीत, वाचक खाली जाईल तसतशी आणतात. म्हणून आधी पान तळापर्यंत सरकवा. ‘आणखी वाचा’सारखं बटण असेल तर दाबा, मिटलेले परिच्छेद उघडा. कुकीजच्या परवानगीची पट्टी किंवा वर्गणीचं आमंत्रण मजकुरावर आलं असेल तर ते मिटवा, नाहीतर तेही प्रतीत जाऊन बसतं. लेख दोन-तीन पानांत तोडलेला असेल आणि ‘एकाच पानावर पाहा’ अशी सोय असेल तर ती वापरा. व्हिडिओ आणि सरकवून पाहायचे नकाशे स्नॅपशॉटमध्ये येतील असं धरून चालू नका. त्यांतलं महत्त्वाचं वेगळं टिपून ठेवा.

याच कारणाने एक सावधगिरीही हवी. तुम्ही लॉगिन करून पाहत असलेलं पान तुम्हाला दिसतं तसंच साठवलं जातं. वर्गणी भरून वाचलेला लेख स्वतःच्या अभ्यासासाठी ठेवणं एक आणि तोच झोटेरोच्या सामायिक ग्रुपमध्ये टाकणं वेगळं. पानाच्या कोपऱ्यात तुमचं नाव किंवा ईमेल असेल तर तेही प्रतीबरोबर जातं.

स्नॅपशॉट आलाच नाही तर सेटिंग्जमधल्या ‘जनरल’ भागात पानांचे स्नॅपशॉट आपोआप घेण्याचा पर्याय चालू आहे का पाहा. एखाद्याच पानासाठी हवा असेल तर कनेक्टरच्या बटणावर उजवं क्लिक करा. साधं वेबपान म्हणून स्नॅपशॉटसह किंवा स्नॅपशॉटशिवाय साठवण्याचे पर्याय तिथे मिळतात.

पीडीएफबद्दल थोडं. शोधनिबंधाची पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडी असताना बटण दाबलं तर झोटेरो फाइल घेतं आणि तिच्यातून माहिती ओळखायचा प्रयत्न करतं. ते प्रत्येक वेळी जमतंच असं नाही. त्यापेक्षा एक पाऊल मागे जा, निबंधाचा सारांश ज्या पानावर आहे तिथून साठवा. नोंद नेटकी येते आणि पीडीएफ उपलब्ध असेल तर तीही सोबत जोडली जाते.

साठवल्यानंतरचं एक मिनिट

माझ्या मते सगळ्या कामाचा जीव या मिनिटात आहे. बटण कुणीही दाबतं. संग्रह उपयोगी पडणार की नुसताच फुगणार, हे त्यानंतर लगेच नोंदीकडे पाहिलं की नाही यावर ठरतं. पान अजून समोर उघडं असतं, त्यामुळे चूक आत्ता दुरुस्त होते. सहा महिन्यांनी तीच शोधत बसावी लागते, आणि तोवर पान गेलेलं असू शकतं.

सुरुवात शीर्षकापासून. पुष्कळ पानं शीर्षकाच्या शेपटाला उभी रेघ घालून संकेतस्थळाचं नाव जोडतात. ते तिथून काढा आणि ‘वेबसाइट टायटल’च्या रकान्यात घाला.

लेखकाच्या रकान्यात जास्त लक्ष लागतं. झोटेरो आडनाव आणि नाव वेगळं ठेवतं, कारण संदर्भसूचीत आडनाव आधी येतं. लेखक व्यक्ती नसून संस्था असेल तर त्या ओळीच्या शेजारचं छोटं बटण दाबून दोन रकान्यांचा एक करा. ते केलं नाही तर सूचीत ‘सेंटर, प्यू रिसर्च’ असं काहीतरी उमटतं. मराठी पानांवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम असेल तर शेवटचा शब्द आडनावात जातो आणि ते बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण जिथे आडनाव आधी छापलेलं असतं तिथे उलट होतं, तेव्हा नजर टाकायलाच हवी. लेखकाच्या जागी ‘अ‍ॅडमिन’ किंवा ‘टीम’ आलं असेल तर पानाच्या तळाशी खरं नाव आहे का शोधा. नसेल तर रकाना रिकामा ठेवा. चुकीच्या नावापेक्षा रिकामा रकाना प्रामाणिक.

तारखा दोन असतात. ‘डेट’ म्हणजे प्रसिद्ध झाल्याची, ‘अ‍ॅक्सेस्ड’ म्हणजे तुम्ही पाहिल्याची. दुसरी आपोआप येते, तिला हात लावू नका. पहिली तपासा. बातम्यांच्या पानावर अनेकदा ‘अपडेटेड’ची तारीख मोठ्या अक्षरात असते आणि मूळ तारीख बारीक. तारीख हाताने लिहायची झाली तर वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे चार मार्च की तीन एप्रिल असा गोंधळ उरत नाही. फक्त वर्ष माहीत असेल तर तेवढंच पुरे.

नोंदीचा प्रकारही पाहून घ्या. वर्तमानपत्रातला लेख ‘वेब पेज’ म्हणून आला असेल तर तो ‘न्यूजपेपर आर्टिकल’ करा, अहवाल असेल तर ‘रिपोर्ट’. प्रकारानुसार रकाने बदलतात आणि सूचीतली मांडणीही.

मग स्नॅपशॉटवर दोनदा क्लिक करून तो उघडा आणि शेवटपर्यंत नजर फिरवा. चित्रं, तक्ते, तळटिपा आल्या आहेत ना? ऑगस्ट २०२४ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीपासून स्नॅपशॉट झोटेरोतच उघडतो. त्यातल्या ओळी रंगवता येतात, शेजारी टिपणं लिहिता येतात.

शेवटी, हे पान का ठेवलं ते एक-दोन ओळींत लिहा. नोंद निवडून ‘नोट’ जोडायची आणि मनात असेल तसं लिहायचं : ‘तिसऱ्या प्रकरणातल्या आकड्यांसाठी, लेखकाचा निष्कर्ष पटत नाही, पण तक्ता उत्तम.’ शीर्षक, तारीख, लेखक ही माहिती निदान मूळ पान असेतोवर पुन्हा मिळवता येते. ते वाचताना तुमच्या मनात आलेला विचार दुसरीकडे कुठेच नसतो. संग्रहात हजार नोंदी झाल्यावर ज्यांना अशी ओळ जोडलेली आहे त्याच खऱ्या कामाला येतात, हे मी ठामपणे सांगते.

लावून ठेवणं

कलेक्शन दिसतं फोल्डरसारखं, पण वागतं गाण्यांच्या प्लेलिस्टसारखं. एकच नोंद तीन कलेक्शनांत असू शकते आणि तिच्या तीन प्रती होत नाहीत. कलेक्शनमधून नोंद काढली तरी ती ‘माय लायब्ररी’त राहते. कचऱ्यात टाकली तर मात्र सगळीकडून जाते. कुठल्याच कलेक्शनमध्ये नसलेल्या नोंदी ‘अनफाइल्ड आयटम्स’मध्ये दिसतात. अधूनमधून तिथे डोकवा.

टॅग थोडेच ठेवा. काही संकेतस्थळांवरून विषयांचे डझनभर टॅग आपोआप येतात आणि यादी निरुपयोगी होऊन जाते. ते आपोआप जोडणं ‘जनरल’ सेटिंग्जमधूनच बंद करता येतं. मी ते बंद करायला सांगेन. ‘वाचायचं’, ‘उद्धृत करणार’, ‘पडताळायचं’ अशा कामाच्या टॅगांचा उपयोग विषयांच्या टॅगांपेक्षा जास्त होतो. नऊ टॅगांना रंग देता येतात आणि एक ते नऊ या आकड्यांच्या कळांनी ते झटकन लावता-काढता येतात.

एकच पान दोनदा साठवलं तर कनेक्टर अडवत नाही. ‘डुप्लिकेट आयटम्स’मध्ये जोड्या दिसतात, तिथून त्या एकत्र करा.

शोधाच्या चौकोनात ‘एव्हरीथिंग’ हा पर्याय निवडला की स्नॅपशॉट आणि पीडीएफमधला मजकूरही धुंडाळला जातो. देवनागरीत टाइप करून शोधता येतं. एक अडचण मात्र लक्षात असू द्या. युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारी अक्षरांची आजची प्रमाण पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमध्ये तयार झालेल्या मराठी पीडीएफ डोळ्यांना छान दिसतात, पण त्यांच्या पोटात भलतीच अक्षरं असतात. स्कॅन केलेल्या पानांत तर मजकूर नसतोच. अशा फाइलींसाठी नोंदीत किंवा नोटमध्ये महत्त्वाचे शब्द स्वतः लिहा, तोच त्यांना सापडण्याचा मार्ग.

सिंक आणि बॅकअप या दोन वेगळ्या गोष्टी

दुसऱ्या संगणकावरही संग्रह हवा असेल तर झोटेरोचं मोफत खातं उघडून सिंक, म्हणजे दोन्हीकडचा संग्रह आपोआप सारखा ठेवणं, चालू करा. नोंदी, नोट्स आणि टॅग यांना मर्यादा नाही. फाइलींसाठी, म्हणजे स्नॅपशॉट आणि पीडीएफसाठी, ३०० एमबी जागा मोफत मिळते. चित्रांनी भरलेली पानं ती लवकर खातात. पुढे जागा विकत घेता येते, किंवा वैयक्तिक संग्रहाच्या फाइली वेबडॅव्ह (दूरच्या सर्व्हरवर फाइली ठेवण्याची एक पद्धत) देणाऱ्या दुसऱ्या सेवेवर ठेवता येतात. फाइलींचं सिंक बंद ठेवून फक्त नोंदी सिंक केल्या तरी चालतं, फाइली तुमच्या डिस्कवर असतातच.

पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून काही पुसलं तर ते सिंक होऊन दुसरीकडेही पुसलं जातं. बॅकअपसाठी झोटेरो पूर्ण बंद करा आणि संगणकावरच्या तुमच्या होम फोल्डरमधलं ‘झोटेरो’ नावाचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. त्यात नोंदींचा डेटाबेस असतो आणि ‘स्टोरेज’ या उपफोल्डरमध्ये फाइली. फोल्डर सापडत नसेल तर सेटिंग्जमधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात त्याचा पत्ता मिळेल. हे फोल्डर ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हमध्ये हलवण्याचा मोह टाळा. सॉफ्टवेअर लिहीत असताना ती सेवा डेटाबेस ओढू लागली की तो बिघडू शकतो.

इतरांना दाखवायचं असेल तेव्हा

स्नॅपशॉट तुमच्यापुरता पुरावा आहे. तुमच्या लेखात तुम्ही पत्ता दिलात आणि ते पान नाहीसं झालं, तर वाचकाला पडताळायला काहीच उरत नाही. म्हणून ज्या पानांचा आधार जाहीरपणे घेणार आहात त्यांची प्रत इंटरनेट आर्काइव्हमध्येही ठेवा. १९९६ मध्ये सुरू झालेली ही ना-नफा संस्था ‘वेबॅक मशीन’ हा वेबपानांच्या जुन्या प्रतींचा संग्रह चालवते. तिथल्या ‘सेव्ह पेज नाउ’मध्ये पानाचा पत्ता टाकला की त्या क्षणाची प्रत घेतली जाते आणि तिचा कायमस्वरूपी पत्ता मिळतो. तो झोटेरोच्या नोंदीतल्या ‘एक्स्ट्रा’ रकान्यात चिकटवा. लॉगिनमागची पानं आणि प्रत घ्यायला मनाई करणारी संकेतस्थळं तिथे जमत नाहीत. त्यांच्यासाठी तुमचा स्नॅपशॉटच.

सूची बनवणं त्यानंतर सोपं आहे. नोंदी निवडून उजवं क्लिक करा, संदर्भसूची तयार करण्याचा पर्याय घ्या, संदर्भ मांडण्याची शैली निवडा आणि मजकूर कॉपी करा. वर्ड, लिबरऑफिस आणि गूगल डॉक्समध्ये लिहिता लिहिताच संदर्भ घालण्याचीही सोय आहे.

जुने बुकमार्क

ते सगळे एकदम झोटेरोत ओतू नका. प्रत्येकाची नोंद तपासली जाणार नाही आणि पहिल्याच दिवशी संग्रहावरचा विश्वास उडेल. चालू कामाला लागतील तेवढेच उघडा आणि वरच्या पद्धतीने एकेक साठवा. एखादं पान मेलेलं निघालं तर त्याचा पत्ता वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहा. प्रत मिळाली तर तीच उघडून कनेक्टरने साठवा. वेबॅक मशीनच्या पत्त्यातच मूळ पत्ता आणि प्रत घेतल्याची तारीख असते, म्हणून ‘यूआरएल’च्या रकान्यात तोच राहू द्या. ‘वेबसाइट टायटल’मध्ये मात्र मूळ संकेतस्थळाचं नाव घाला, आणि ‘डेट’मध्ये प्रत घेतल्याची नव्हे तर लेख प्रसिद्ध झाल्याची तारीख.